बंद टीव्हीसाठी किती टँकर?

रिमोटचे बटण दाबले की त्याच्या टोकाला असलेला बारीक दिवा सेकंदाला साधारण ३८,००० वेळा लुकलुकतो. डोळ्यांना यातले काहीच दिसत नाही, कारण तो प्रकाश अवरक्त असतो. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरून बटण दाबून पाहा, बऱ्याच कॅमेऱ्यांत जांभळट ठिपका उमटतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या टीव्हीला हा प्रकाश कळतो आणि तो सुरू होतो. आता सांगा, टीव्ही बंद होता ना? मग त्याला कळले कसे?

कळले, कारण तो बंद नव्हता. संगमनेरच्या मेन रोडवरचा जुना वाडा असो की घुलेवाडीतली नवी इमारत, रात्री सगळे झोपले तरी टीव्हीतला एक छोटा ग्राहक आणि त्याच्यामागची चिप जागी असते. ट्यूबलाइटसारख्या इतर प्रकाशांचा गोंगाट झेलत ती नेमका ३८,००० चा ठेका शोधत असते. तो सापडला की मगच बाकीचा टीव्ही उठवते. या जागे राहण्याला ‘स्टँडबाय’ म्हणतात.

खरे नवल पुढे आहे. त्या ग्राहकाला ऐकत बसायला दोन-तीन मिलिवॅट वीज पुरते. वॅटचा हजारावा भाग म्हणजे मिलिवॅट. पण विसेक वर्षांपूर्वीचे टीव्ही, टेप आणि व्हीसीडी प्लेअर नुसते पडून असताना पाच, सात, कधी दहा वॅट घेत. लागते त्याच्या हजारो पट! मधली वीज जात कुठे होती?

ती उष्णतेत जात होती. भिंतीतून २३० व्होल्टचा प्रवाह येतो आणि सेकंदाला ५० आवर्तने करतो. चिपला हवा असतो पाच व्होल्टचा सरळ प्रवाह. पूर्वी हे काम लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर करी. त्याला वीज जोडली की गाभ्याचे चुंबकत्व सेकंदाला शंभर वेळा उलटे होते, पलीकडे कोणी वीज घेवो वा न घेवो. प्रत्येक उलटापालटीत थोडी ऊर्जा लोखंडातच मुरते आणि गाभा तापतो. जुन्या कॉर्डलेस फोनचा किंवा कॉम्प्युटरच्या स्पीकरचा जड, चौकोनी ॲडॅप्टर प्लगमध्ये नुसता खोचलेला असला, तरी हाताला कोमट लागतो तो यामुळेच. गल्लीतल्या डीपीच्या ट्रान्सफॉर्मरजवळ रात्री जो घुमल्यासारखा आवाज येतो, त्याचे मूळही हेच. चुंबकत्व बदलताना लोखंड अगदी सूक्ष्म प्रमाणात आखडते आणि पसरते, त्यातून सेकंदाला शंभर कंपनांचा सूर निघतो. म्हणजे सगळे गाव झोपले तरी डीपी स्टँडबायवर असतेच!

आता एका वॅटचा हिशेब करू. वर्षात ८,७६० तास असतात. एक वॅट वर्षभर वाहिला की होतात ८.७६ युनिट. हा आकडा लक्षात ठेवला की पुढचे सगळे तोंडी करता येते. पाच वॅट म्हणजे वर्षाला ४४ युनिट, दहा वॅट म्हणजे ८८. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतले ॲलन मायर नव्वदच्या दशकात घराघरांतली उपकरणे मोजत हाच हिशेब मांडत होते. उपकरण कोणतेही असो, झोपेत त्याला एका वॅटपेक्षा जास्त लागायचे कारण नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये ते उचलून धरले. जुलै २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी अमेरिकी सरकारी खात्यांना एक वॅटच्या आत झोपणारीच उपकरणे घ्या, असा आदेश काढला. युरोपीय संघाने २०१० पासून एक वॅटची आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटची मर्यादा घातली. पडद्यावर काही दाखवत राहणाऱ्या उपकरणांना थोडी सूट ठेवली.

कारखाने जगासाठी माल काढतात, त्यामुळे या नियमांचा फायदा आपल्यालाही आपसूक मिळाला. लोखंडी गाभ्याच्या जागी सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारे हलके, इलेक्ट्रॉनिक पुरवठे आले. आजचा चांगला एलईडी टीव्ही झोपेत अर्ध्या वॅटच्या आसपास घेतो आणि मोबाइलचा चांगला चार्जर, फोन न लावता प्लगमध्ये राहिला तर, एक दशांश वॅटही घेत नाही. वर्षाला एक युनिटसुद्धा नाही. ‘चार्जर काढून ठेव, बिल येतं’ म्हणून घरोघरी मुलांवर जी ओरड होते, ती या हिशेबात टिकत नाही. चार्जर काढावा तो आग आणि वीज कोसळण्याच्या भीतीने, बिलासाठी नव्हे.

मग चोर कोण? टीव्हीशेजारची पेटी.

देशात २०१२ पासून केबलचे डिजिटलीकरण टप्प्याटप्प्याने झाले आणि प्रत्येक टीव्हीला सेट-टॉप बॉक्स चिकटला. रिमोटने तो ‘बंद’ केला की हिरव्याचा लाल दिवा होतो, आणि बहुतेक पेट्यांत एवढेच होते. आतला ट्यूनर, प्रोसेसर, डिशची पेटी असेल तर छतावरच्या छत्रीला जाणारी वीज, सगळे चालू राहते. फक्त चित्र पुढे जात नाही. पेटी आठ ते पंधरा वॅट खाते आणि चालू-बंदमध्ये फारसा फरक पडत नाही. झोपेत अर्धा वॅट खाणारा टीव्ही आणि त्याच्या कुशीत झोपेचे सोंग घेऊन दहा वॅट खाणारी पेटी, ही जोडी आपल्या दिवाणखान्यात दिवसाचे चोवीस तास बसून असते. घरातल्या मंडळींनी रोज पाच तास टीव्ही पाहिला असे धरले, तर उरलेल्या १९ तासांत पेटी वर्षाला ६९ युनिट कोणी पाहत नसताना संपवते.

६९ युनिट म्हणजे किती? रुपयांत सांगितले की आकडा विरून जातो, म्हणून संगमनेरकराला तो पाण्यात सांगतो. प्रवरा जिथे अडवली आहे, ते भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पुरे झाले. त्याची उंची सुमारे ८२ मीटर. धरणाच्या पाण्यावर तिथेच वीज होते, आणि खाली कोदणीला ३४ मेगावॅटचा आणखी एक प्रकल्प आहे. समजा पाणी ८० मीटर खाली पडते आणि टर्बाइन-जनित्राच्या हाती त्यातली ८५ टक्के ऊर्जा लागते. तर एक युनिट वीज काढायला सुमारे ५,४०० लिटर पाणी त्या उंचीवरून सोडावे लागते. धरणातली पातळी खाली गेली की त्याहून जास्त. उन्हाळ्यात तालुक्याच्या पठार भागातल्या वाड्यांवर ट्रॅक्टरमागे जो टँकर येतो, तो साधारण एवढाच असतो.

एक युनिट, एक टँकर. कोणी पाहत नसलेल्या एका पेटीपायी वर्षाला ६९ टँकर ८० मीटरवरून कोसळायला हवेत.

हाच हिशेब दहा हजार घरांचा करा. (२०११ च्या जनगणनेत संगमनेर शहराची वस्ती ६५ हजारांवर होती, म्हणजे हा आकडा फुगवलेला नाही.) वर्षाला जवळजवळ सात लाख युनिट, आणि पाणी १३० दलघफूच्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये भंडारदऱ्यात किती दलघफू आले, हे सकाळी चहाबरोबर वाचणाऱ्या माणसाला या एककाची ओळख करून द्यायला नको. धरणाची क्षमता ११,०३९ दलघफू. त्यातला एक टक्क्याहून जास्त साठा दहा हजार झोपेचे सोंग घेणाऱ्या पेट्यांच्या खाती!

इथे दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, नाहीतर हिशेब खोटा ठरेल. एक, टर्बाइनमधून गेलेले पाणी संपत नाही. ते निळवंड्यात येते, पुढे ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांना लागते आणि उसापर्यंत पोहोचते. दुसरे, संगमनेरच्या दिव्यात भंडारदऱ्याचीच वीज आहे असे कोणालाच म्हणता येत नाही. जाळ्यात सगळी वीज एकत्र मिसळते आणि राज्यात तिचा मोठा भाग एकलहरे, कोराडी, चंद्रपूरसारख्या ठिकाणी कोळसा जाळून होतो. कोळशात मोजले तर युनिटला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम, म्हणजे एका पेटीपायी वर्षाला गोणीभर कोळसा. आणि तो मात्र कुठल्याच कालव्याला लागत नाही.

आता ही गळती थांबवण्याच्या उपायाकडे, पॉवर स्ट्रिपकडे, येऊ. परदेशी मासिकांत तिचे फार कौतुक असते, आणि त्याचे कारण तिथल्या भिंतीत आहे. अमेरिकेत आणि युरोपच्या बहुतेक देशांत भिंतीवरच्या सॉकेटला बटणच नसते. प्लग खोचला की वीज सुरू. तिथे बटण असलेली पट्टी विकत आणावी लागते. आपण इंग्रजांकडून सॉकेट घेतले, तेव्हा त्याच्याशेजारचे बटणही घेतले. त्यामुळे वीज वाचवणारे जे यंत्र ते लोक दुकानातून आणतात, ते आपल्या भिंतीत वायरमनने घर बांधतानाच बसवून दिलेले आहे.

मग आपण ते दाबत का नाही? कारण ते टीव्ही युनिटच्या मागे गेले. दिवाणखान्यात प्लायवूडचे भलेमोठे कपाट आले, त्याच्या पाठीमागे बोर्ड झाकला गेला आणि तिथे हात घालायचा तर आधी टीव्ही हलवावा लागतो. शटर ओढून बंद करायच्या जुन्या कृष्णधवल टीव्हीला खटका समोर होता. खट् केले की खरोखर बंद. खटका मागे गेला आणि पुढे रिमोट आला. घरातली वीज गळू लागण्यात या फर्निचरचा वाटा मोठा आहे असे मला वाटते, आणि याबद्दल सुतारकाम करणाऱ्यांना कोणी कधी विचारत नाही.

म्हणून आपल्याकडे साध्या एक्स्टेंशन बोर्डचे काम एवढेच, की दडलेले बटण हाताशी आणायचे. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साउंडबार एका बोर्डवर घ्या आणि तो बोर्ड कपाटाच्या कडेला, उठताना सहज हात जाईल असा लावा. झोपायला जाताना एकच बटण. बोर्ड आयएसआय चिन्हाचा, तीन पिनांचा, जाड वायरचा घ्या. सहा अँपिअरच्या बोर्डवर साधारण चौदाशे वॅटपर्यंतच भार चालतो. त्यावर इस्त्री, गिझर, हीटर लावायचे नाहीत, आणि एका बोर्डमध्ये दुसरा बोर्ड तर मुळीच नाही. एक गंमत म्हणून सांगतो, बोर्डवरचा छोटा लाल निऑन दिवासुद्धा थोडी वीज खातो. पण ती वॅटच्या काही दशांशांत, आणि बोर्ड बंद केला की तोही विझतो.

‘स्मार्ट’ म्हणून महाग विकली जाणारी पट्टी हुशार असते हे खरे. तिच्यात एक सॉकेट मुख्य असते. त्या सॉकेटमधून किती प्रवाह जातो, हे आतले सर्किट सतत पाहत राहते. टीव्ही झोपला, प्रवाह घटला, की बाकीच्या सॉकेटांचा रिले आपोआप तुटतो आणि पेटी, साउंडबार यांची वीज जाते. टीव्ही उठला की पुन्हा जोडला जातो. फार सुबक कल्पना आहे. पण ते सर्किट स्वतःही चोवीस तास जागे असते आणि अर्धा-एक वॅट घेते. वाय-फायवर चालणारे स्मार्ट प्लगही साधारण तेवढेच घेतात. म्हणजे अर्ध्या वॅटवर झोपणाऱ्या एकट्या टीव्हीसाठी एक वॅट खाणारा स्मार्ट प्लग लावला, तर पहारेकऱ्याचा पगार चोरीपेक्षा जास्त झाला! जिथे मागे दहा-वीस वॅट लटकलेले आहेत तिथेच अशी पट्टी परवडते. बाकी ठिकाणी अंगठा स्वस्त.

टीव्हीच्या मागे हात घालण्याआधी घर एकंदर किती गळते ते पाहा. त्यासाठी काहीच विकत आणायला नको. मीटरवर एक लाल दिवा अधूनमधून चमकतो. जवळच ३२००, १६०० असा एखादा आकडा ‘इम्प’ या अक्षरांसह छापलेला असतो. एक युनिट खर्च होईपर्यंत दिवा तेवढ्या वेळा चमकतो, असा त्याचा अर्थ. रात्री दिवे, पंखे, टीव्ही रिमोटने बंद करा, फ्रिज दहा मिनिटांपुरता बटणावरून बंद करा आणि दोन चमकांमधले सेकंद मोजा. ३६ लाखांना त्या छापील आकड्याने भागा, मग सेकंदांनी भागा. उत्तर वॅटमध्ये येते. ३२०० च्या मीटरवर ११२५ भागिले सेकंद, एवढे सोपे. साडेबावीस सेकंदांनी चमकला तर घर झोपेत ५० वॅट खाते आहे, आणि ५० वॅट म्हणजे वर्षाला ४३८ युनिट. मग एकेक बटण बंद करत जा आणि चमक कशाने लांबते ते पाहा. अगदी किरकोळ प्रवाह काही मीटर मोजतच नाहीत, त्यामुळे शेवटी दिवा चमकायचा थांबला तर गळती शून्य आहे असे समजू नका. बिलात येत नाही एवढे मात्र नक्की.

हा खेळ केला की बहुतेक घरांत पेटीच्या जोडीला दोन मोठे मासे सापडतात. पहिला, स्टॅबिलायझर. आतला लोखंडी गाभा टीव्ही बंद असतानाही तापत असतो. दुसरा, इन्व्हर्टर. २००५ च्या पुढची काही वर्षे भारनियमनाने अख्खा महाराष्ट्र हैराण झाला होता, तेव्हा घरोघरी इन्व्हर्टर आले. शहरातले भारनियमन ओसरले, इन्व्हर्टर राहिले. जुन्या, जड ट्रान्सफॉर्मरचे इन्व्हर्टर बॅटरी पूर्ण भरलेली असतानाही १५ ते ३० वॅट घेत राहतात. म्हणजे टीव्हीचा कोपरा साफ करून जे वाचेल, त्याच्या दुप्पट जिन्याखाली जाऊ शकते. पण याला स्ट्रिपवर घालू नका. वीज तोडली तर बॅटरी उतरते आणि ऐन वादळात अंधार होतो. बदलायची वेळ आली की कमी वीज खाणारा घ्यावा, एवढेच हाती आहे. शहरातले भारनियमन ओसरले, पण शेतात विहिरीवरची थ्री-फेज वीज अजून ठराविक तासांपुरती, आणि पाळी रात्रीची आली तर बिबट्याच्या भीतीत उसाला पाणी द्यायचे. त्याच घरातला सेट-टॉप बॉक्स मात्र चोवीस तास भरल्या ताटावर. हा विरोधाभास मला तरी खटकतो.

आणखीही काही ठिकाणी बटण दाबताना थांबावे. वायफायचा राउटर पाच-दहा वॅट घेतो. रात्री बंद करता येतो, पण त्यावर सीसीटीव्ही असेल तर नको. ओएलईडी टीव्ही बंद झाल्यावर काही मिनिटे स्वतःच्या पडद्याची डागडुजी करतो, त्याची वीज लगेच तोडू नये. शाईचा प्रिंटर प्रत्येक वेळी वीज तोडून सुरू केला की नळ्या साफ करण्यात शाई उडवतो, आणि ती शाई विजेपेक्षा कितीतरी महाग. एसी मात्र हिवाळाभर मेन बटणावरूनच बंद ठेवावा. स्मार्ट टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘क्विक स्टार्ट’ चालू असेल तर काही टीव्हींची झोप अर्ध्या वॅटवरून दहा-वीस वॅटवर जाते. तो पर्याय बंद करणे सगळ्यांत स्वस्त. आणि वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की नुसत्या बटणावर विसंबू नका. बटणातली फट काही मिलिमीटरची. आकाशातल्या विजेला ती काहीच नाही. प्लग आणि केबल दोन्ही काढा.

पैशांचे म्हणाल तर महावितरणच्या घरगुती दराची रचना इथे उपयोगी पडते. महिन्याच्या पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ना दुसरा, आणि या दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार पहिल्याच्या दुपटीहून जास्त आहे. अनेकांना वाटते की १०० ओलांडले की सगळीच युनिटे महाग होतात. तसे नाही, फक्त वरची होतात. म्हणूनच १०० च्या वर जाणाऱ्या घरात वाचलेले प्रत्येक युनिट वरच्या, महागड्या टोकाचे असते. वहन आकार, वीज शुल्क धरून ते दहा ते तेरा रुपयांना पडते. ६९ युनिटांचे सातशे ते नऊशे रुपये होतात आणि चांगला बोर्ड तीनशे ते सहाशेला मिळतो.

हे सगळे करून बिल अर्धे होईल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या घरांत मीटर बसवून कोणते उपकरण खरोखर किती वीज घेते याचा मागोवा घेतला आहे. असे मोजायला लागले की पहिल्या रांगेत पंखा, फ्रिज, गिझर, एसी हेच दिसतात. ७५ वॅटचा जुना पंखा काढून तीसेक वॅटचा बीएलडीसी पंखा बसवला आणि तो दिवसातून दहा तास फिरला, तर वर्षाची बचत पेटीच्या ६९ युनिटांहून सहज जास्त होते. फक्त त्याला बोर्डाच्या पाच-सहापट खर्च येतो. आणि हो, तो रिमोटवर चालतो, म्हणजे तोही ऐकत बसतो.

बोर्ड लावलात तर त्या महिन्याचे बिल ठेवून द्या. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात. पुढच्या वर्षी त्याच महिन्याशी ताडून पाहा, कारण मेची तुलना डिसेंबरशी होत नाही. महिन्याला पाच-सहा युनिटांचा फरक एका पेटीचा. त्याहून जास्त दिसला तर स्टॅबिलायझरही त्याच बोर्डवर होता असे समजा.